मोटारसायकल थांबते कशी?

मोटारसायकल विकत घेताना आपण विक्रेत्याला पुष्कळ प्रश्न विचारतो. लिटरमागे किती किलोमीटर जाते, चढावर दम टाकते का, मागे माणूस बसले तर ओढते का, सुटे भाग सहज मिळतात का. ती थांबते कशी, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. जी वस्तू चालण्यासाठी घ्यायची, तिच्या थांबण्याची चौकशी करणे काहीसे अशुभच वाटत असावे. गाडी दारात आली, तिला हळदकुंकू वाहून झाले, की घरातले वडीलधारे मात्र एक उपदेश आवर्जून करतात : "पुढचा ब्रेक लावू नकोस हो, तोंडावर आपटशील!" हा उपदेश मलाही मिळाला होता आणि काही वर्षे मी तो निष्ठेने पाळलाही. आज मला जे सांगावयाचे आहे, ते बरेचसे या उपदेशाविषयीच आहे. मोटारसायकलचा ब्रेक सुधारावयाचा, तर पान्याला हात घालण्यापूर्वी या समजुतीलाच हात घालावा लागतो.

विषय वाटतो तितका किरकोळ नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली; त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती. यांतली प्रत्येक व्यक्ती ब्रेक चांगला असता तर वाचली असती, असे कोणी म्हणणार नाही. परंतु चार-सहा मीटर अलीकडे गाडी थांबती तर काय झाले असते, हा प्रश्न त्यांतल्या अनेक घरांत आजही विचारला जात असेल.

प्रथम ब्रेक करतो काय ते पाहू. धावणाऱ्या गाडीत गतीची ऊर्जा साठलेली असते. गाडी थांबवायची म्हणजे ही ऊर्जा दुसऱ्या कोठे तरी घालवायची. ब्रेक ती घर्षणाने उष्णतेत बदलतो. गाडी आणि स्वार मिळून २०० किलो वजन ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्याची ऊर्जा सुमारे २८,००० ज्यूल भरते. एवढ्या उष्णतेने साधारण अर्धा कप पाणी चहासाठी उकळता येईल. अर्धा कप पाणी ही काही मोठी गोष्ट नव्हे. पण चुलीवर त्याला मिनिटभर तरी लागते, आणि ब्रेकला तेच काम तीन सेकंदांत उरकावे लागते. शिवाय ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला, की उष्णता चौपट आणि थांबण्याचे अंतरही चौपट.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. ब्रेक चाकाला थांबवतो. गाडीला थांबवतो तो रस्ता. टायरचा जो भाग कोणत्याही क्षणी जमिनीला टेकलेला असतो, तो जेमतेम तळहाताएवढा असतो. त्या दोन तळहातांच्या पकडीवर सगळी भिस्त. हाताची बोटे, लिव्हर, केबल किंवा नळीतला द्रव, ब्रेकचे अस्तर, चाक, टायर आणि शेवटी रस्ता, अशी ही साखळी आहे. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढेच असते, हे आपण जाणतोच. ब्रेक सुधारणे म्हणजे ही कच्ची कडी शोधून काढणे, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे पुष्कळदा ती पहिलीच, म्हणजे आपल्या हाताचीच असते.

आता वडीलधाऱ्यांच्या उपदेशाकडे वळू. एस.टी.त उभे असताना चालकाने करकचून ब्रेक दाबला, तर आपण सारे पुढे झुकतो. मोटारसायकलचेही तसेच होते. गाडी मंदावू लागली, की तिचे वजन मागच्या चाकावरून पुढच्या चाकावर सरकते. उभ्या गाडीचे वजन दोन्ही चाकांवर जवळजवळ सारखे वाटलेले असते; परंतु कोरड्या चांगल्या रस्त्यावर जोराने ब्रेक लावला असता सुमारे ८० ते ८५ टक्के भार पुढच्या चाकावर येतो आणि मागे जेमतेम १५ ते २० टक्के उरतो. टायरची पकड त्याच्यावरील भारावर अवलंबून असते. तेव्हा ज्या चाकावर भारच उरला नाही, त्याचा ब्रेक कितीही दाबला, तरी ते चाक घसरण्यापलीकडे काय करणार?

हिशेबच मांडून पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने दोन गाड्या शेजारी शेजारी चालल्या आहेत. एकाने दोन्ही ब्रेक योग्य रीतीने लावले. तो सुमारे २० मीटरांत थांबतो. दुसऱ्याने उपदेश पाळून केवळ मागचा ब्रेक दाबला. त्याला सुमारे ४६ मीटर लागतात. याहून बोलकी गोष्ट पुढेच आहे. ज्या जागी पहिली गाडी पूर्ण उभी राहिली, त्या जागेवरून दुसरी जाते तेव्हा तिचा वेग अजून ताशी ४५ किलोमीटर असतो. वाटेत म्हैस आडवी आली असेल, तर एक जण तिच्या पाठीवर थाप मारून पुढे जाईल. दुसऱ्याचे काय होईल, हे सांगावयास नको.

मग हा उपदेश मुळात आला कोठून? माझा तर्क असा, की तो सायकलवरून आला. सायकल हलकी, तिच्यावर बसलेल्या माणसाचे वजन उंचावर आणि चाकांमधले अंतर थोडे. त्यामुळे पुढचा ब्रेक जोरात लागला, की सायकल खरोखरच उलटते. आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी गुडघे फोडून याची प्रचीती घेतली आहे. मोटारसायकलचा गुरुत्वमध्य मात्र खाली असतो आणि चाके एकमेकांपासून दूर. कोरड्या रस्त्यावर सरळ चाललेली सामान्य मोटारसायकल उलटण्यापूर्वी बहुधा टायरचीच पकड संपते. सायकलवर खरा असलेला नियम आपण मोटारसायकलला वारसाहक्काने बहाल केला आणि तिचा सर्वांत मोठा ब्रेक निकामी करून टाकला.

ही चूक केवळ आपलीच नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील विद्यापीठात हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारसायकलींच्या सुमारे ९०० अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. त्यांचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. बहुतेक स्वार संकटसमयी मागचा ब्रेक अतोनात दाबून चाक घसरवतात आणि पुढचा ब्रेक मात्र पुरेसा वापरत नाहीत, असे त्यांना आढळले. अपघात टाळण्यासाठी स्वाराच्या हाती असलेला वेळ दोन सेकंदांहूनही कमी असतो, असेही त्यांनी नोंदवले. दोन सेकंदांत माणूस विचार करीत नाही. सवय जे करते तेच होते. म्हणून सवय योग्य हवी.

पुढचा ब्रेक लावण्याचीही एक रीत आहे. लिंबू पिळताना आपण त्याला झटका देत नाही. आधी बोटांत धरतो, हलके दाबतो आणि मग जोर वाढवत नेतो. पुढचा ब्रेक असाच पिळावा. पहिल्या हलक्या दाबाने वजन पुढे येते आणि टायर रस्त्यावर नीट बसतो. मग वाढता जोर सोसण्याची त्याची तयारी असते. एकदम झटक्याने लिव्हर ओढली, तर वजन पुढे येण्यापूर्वीच चाक अडकते आणि पकड सुटते. वडीलधाऱ्यांच्या भीतीत तथ्य आहे ते एवढेच. वळणावर गाडी कललेली असताना, रेतीवर, शेणावर, पहिल्या पावसाने तेलकट झालेल्या डांबरावर किंवा गटाराच्या लोखंडी झाकणावर पुढचा ब्रेक अगदी जपून वापरावा. अशा जागी वेग आधीच कमी करावा, हे उत्तम. पुढचे चाक अडकल्याचे जाणवले, तर तत्काळ बोटे सैल करावीत आणि चाक फिरू लागले की पुन्हा हलके पिळावे.

हाताची कडी पक्की झाली, की यंत्राच्या कड्यांकडे पाहावे. माझ्या जुन्या गाडीला पुढे आणि मागे ड्रम ब्रेक होते. पुढचा ब्रेक वापरण्याचे ज्ञान झाल्यावर तो लागतच नाही, हेही ज्ञान झाले. मुठीतले सारे बळ लावावे, तेव्हा गाडी नाइलाजाने मंदावत असे. मी एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो आणि ड्रम काढून डिस्क ब्रेक बसवून द्या म्हणालो. त्यांनी गाडीकडे एकवार पाहिले आणि म्हणाले, "साहेब, आहे तो ब्रेक आधी ब्रेकसारखा करू. मग डिस्कचं बघू." त्यानंतरच्या दीड तासात मी जे शिकलो, ते आपणांस सांगतो.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे पोकळ पिंप. त्याच्या आत अर्धचंद्राकृती दोन शू असतात आणि त्यांना घर्षणाचे अस्तर चिकटवलेले असते. केबलने बाहेरची छोटी दांडी ओढली, की आतला चपटा खिळा वळतो, शू फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. मिस्त्रींनी प्रथम केबल सोडवली. तिच्या तारा लिव्हरजवळ तुटू लागल्या होत्या आणि आतून ती कोरडी ठणठणीत होती. माझ्या मुठीतले अर्धे बळ त्या नळीतच खर्ची पडत होते. नंतर त्यांनी ती छोटी दांडी दाखवली. ब्रेक लागतो त्या क्षणी दांडी आणि केबल यांच्यात साधारण काटकोन असावा. तसा असला म्हणजे तरफेचा पुरा लाभ मिळतो. अस्तर झिजत गेले, की दांडी अधिकाधिक वळून काटकोनाच्या पलीकडे जाते आणि ओढ वाया जाऊ लागते. नटाने केबल ताणत राहणे हा त्यावरचा उपाय नव्हे; नवे शू घालणे हाच खरा उपाय.

चाक काढले तेव्हा अस्तर काचेसारखे चकाकत होते. तापून गुळगुळीत झालेले अस्तर ड्रमला पकडत नाही, नुसते घसरते. अस्तर पुरेसे जाड असेल, तर पॉलिश पेपरने वरची चकाकी घासून टाकता येते. पण त्यात तेल किंवा ग्रीस मुरले असेल, तर ते टाकून द्यावे. आतली धूळ तोंडाने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस वापरीत आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. माझे अस्तर तर झिजूनही गेले होते. नवे शू आले. शेवटी चाक बसवताना मिस्त्रींनी एक सोपी युक्ती केली. ॲक्सलचा नट थोडा सैल ठेवून मला ब्रेक घट्ट दाबून धरावयास सांगितले आणि तसाच दाबलेला असताना नट आवळला. यामुळे दोन्ही शू ड्रमच्या मध्याशी जुळून बसतात आणि अस्तराचा पुष्कळसा भाग एकदम कामाला लागतो. नव्या अस्तराला ड्रमशी जमवून घेण्यास काही दिवस लागतात, तेवढे जपून चालवा, असेही त्यांनी बजावले. त्या दिवशी डिस्कचा विषय मी पुन्हा काढला नाही.

डिस्क ब्रेक अधिक चांगला असतो, यात शंका नाही. त्याची पोलादी तबकडी उघड्या वाऱ्यात फिरते, त्यामुळे ती लवकर निवते. पाणी उडाले तरी लगेच झटकून टाकते. दुचाकीच्या जगात १९६२ च्या लॅम्ब्रेटा टीव्ही १७५ या स्कूटरला पुढे डिस्क होती, आणि १९६९ साली होंडाच्या सीबी ७५० ने द्रवाच्या दाबावर चालणारी डिस्क सर्वत्र परिचित केली. तिच्यात केबलची जागा नळीतल्या द्रवाने घेतली. हातातल्या लिव्हरजवळचा दट्ट्या लहान असतो आणि चाकाजवळचे मोठे; पास्कलच्या नियमाप्रमाणे क्षेत्रफळ जितक्या पटीने मोठे, तितक्या पटीने जोर वाढतो. येथेच हौशी लोक फसतात. वरचा दट्ट्या मोठा बसवला म्हणजे ब्रेक जबर होईल, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात वरचा दट्ट्या मोठा केल्याने पट कमी होते, लिव्हर दगडासारखी कठीण लागते आणि जोर उलट घटतो.

गॅरेजात या द्रवाला सगळे 'ब्रेक ऑइल' म्हणत असले, तरी ते नेहमीचे तेल नव्हे. साधे तेल त्यात घातले, तर आतली रबरे फुगून ब्रेक निकामी होतो. हा द्रव हवेतली आर्द्रता शोषून घेतो, हा त्याचा मोठा दोष. 'डॉट ४' या प्रतीचा नवा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असे प्रमाण आहे. ओलावा शोषलेल्या त्याच द्रवासाठी ते १५५ अंशांवर येते. तापलेल्या ब्रेकमध्ये द्रव उकळला, की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते; मग लिव्हर मुठीपर्यंत येते आणि गाडी थांबत नाही. म्हणून निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीत, सामान्यतः दोन वर्षांनी, द्रव बदलावा. लिव्हर स्पंजासारखी मऊ लागली, तर नळीत हवा शिरली आहे असे समजून ती काढून घ्यावी. पॅडवरील झिजेची खूणही प्रत्येक सर्व्हिसिंगला पाहावी.

घाट उतरणाऱ्यांनी आणखी एक हिशेब मनाशी ठेवावा. पाचशे मीटर उंचीचा उतार उतरताना २०० किलोंच्या भाराची जी ऊर्जा मोकळी होते, ती ताशी ६० किलोमीटर वेगावरून पस्तीस वेळा थांबण्याइतकी असते. ती सारी ब्रेकच्या अंगावर टाकली, तर ड्रम तापून फुगतो, अस्तर पकड सोडते, द्रव उकळीला येतो. म्हणून खंडाळा असो, आंबोली असो वा निलगिरी, ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावा. इंजिनाला ओढ धरू द्यावी. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून घाट उतरणारा माणूस चार आण्यांसाठी जीव गहाण टाकत असतो.

इतके सारे केले आणि टायर गोटा झालेला असला, तर सारे व्यर्थ. साखळीची शेवटची कडी तीच. टायरमधली हवा गाडी थंड असताना मोजावी आणि निर्मात्याने सांगितली तितकीच भरावी. नक्षी शिल्लक असली, तरी रबर वयाने कडक होते. टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते, तीवरून त्याचे वय कळते. २४१९ म्हणजे २०१९ सालचा चोविसावा आठवडा. ब्रेक चाकाला घसरण्याच्या सीमेपर्यंत सहज नेऊ शकत असेल, तर आणखी मोठा ब्रेक बसवून अंतर घटत नाही. त्या ठिकाणी पैसा ब्रेकवर न घालता टायरवर घालावा.

चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची कथाही सांगण्यासारखी आहे. विमानांसाठी बनवलेली डनलॉपची मॅक्सरेट ही यंत्रणा १९५८ साली ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीने रॉयल एनफील्डच्या सुपर मीटिऑर मोटारसायकलवर बसवून पाहिली. ओल्या, निसरड्या रस्त्यावर तिचा गुण स्पष्ट दिसला; परंतु कंपनीला तिच्यात भवितव्य दिसले नाही. पुढे तीस वर्षांनी, १९८८ साली, बीएमडब्ल्यूने आपल्या के १०० मालिकेवर अशी विद्युत्-नियंत्रित यंत्रणा विक्रीसाठी आणली. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटीमीटरहून मोठ्या इंजिनाच्या नव्या मोटारसायकलींना ही ए.बी.एस. यंत्रणा, आणि लहान दुचाकींना ती किंवा दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी व्यवस्था, सक्तीची झाली. घाबरलेल्या बोटांनी केलेली चूक ए.बी.एस. क्षणार्धात सुधारते, हा तिचा मोठा उपकार. तथापि, रस्त्यावर नसलेली पकड ती निर्माण करू शकत नाही, आणि जो पुढचा ब्रेक लावतच नाही, त्याला तिचा फारसा उपयोग नाही.

शेवटी पुन्हा हाताकडेच यावे लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. संकट दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंतचा काळ याच हिशेबाने खर्ची पडतो. गर्दीच्या जागी दोन बोटे लिव्हरवर आधीच ठेवली आणि तीन दशांश सेकंद वाचले, तरी पाच मीटर पदरात पडतात; तेही एक पैसा न खर्चता. एखाद्या रविवारी सकाळी मोकळे, कोरडे मैदान गाठावे. ताशी २०, मग ३० किलोमीटर वेगाने सरळ जाऊन, गाडी ताठ ठेवून, दोन्ही ब्रेक एकत्र लावून थांबावे. पुढचा ब्रेक लिंबासारखा पिळावा. दहा-वीस वेळा करावे आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा करावे. हाताला एकदा ओळख पटली, की प्रसंगी तो विचारत बसणार नाही.

यापुढे घरात नवी मोटारसायकल आली, तर हळदकुंकू जरूर वाहावे आणि उपदेशही जरूर करावा. फक्त त्याचे शब्द बदलावेत. "पुढचा ब्रेक लावू नकोस" असे म्हणण्याऐवजी, "पुढचा ब्रेक लावायला आधी शिक, आणि मग गाडी रस्त्यावर काढ," असे मुलाला सांगावे. मुलीलाही सांगावे, हल्ली गाडी तीही चालवते, आणि तिला थांबावे लागते तो रस्ता काही वेगळा नसतो.